शाळेचं बँडपथक: मास्तर निवृत्त झाल्यावरही वाजत राहील असं

शाळेचा बँड बंद पडतो तो बहुतेक वेळा जूनमध्ये. मार्चमध्ये दहावीची मुलं जातात, मेअखेर बँडमास्तर निवृत्त होतात, आणि जूनमध्ये नवे क्रीडाशिक्षक कपाट उघडतात तेव्हा आत असतात काही फुटके ड्रम, वेगवेगळ्या पट्टीच्या बासऱ्या आणि एक गंजलेला बिगुल. धून कुठेच लिहिलेली नसते. कुठल्या ठोक्यावर पथक थांबायचं, हे सातवी-आठवीच्या मुलांना माहीत नसतं, कारण मास्तरांनी हात वर केला की ती थांबायची. मास्तर चांगले होते, त्यांनी वीस-पंचवीस वर्षं जीव ओतला, यात शंका नसते. पण सगळं काम त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्यासोबत ते घरी गेलं.

म्हणून पथक बसवायचं कसं, हे सांगतानाच ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं कसं, हेही इथे सांगितलं आहे. निवृत्तीच्या वर्षी सुरू करण्याचं हे काम नव्हे. पहिला ड्रम विकत घेतला त्याच दिवशी ते सुरू होतं. इथलं पथक म्हणजे मराठी शाळांत नेहमी दिसणारं बासरी-बिगुल-ड्रमचं. ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा पूर्ण ब्रास बँड किंवा बॅगपाइपचा पाइप बँड हा वेगळा, जास्त खर्चाचा विषय. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मात्र गट ब्रास आणि पाइप असेच असतात, मुलांचे आणि मुलींचे वेगळे. तिकडे जायचं ठरवलं असेल तर त्या वर्षीचे नियम वाचल्याशिवाय एकही वाद्य विकत घेऊ नका.

मुलं किती आणि कोणत्या इयत्तेतली

मैदानात दिसणारं पथक २१ जणांचं धरा. पुढे एक बँड मेजर. त्यामागे चार-चारच्या पाच रांगा: पहिली बिगुलांची, दुसरी आणि तिसरी बासऱ्यांची, चौथीत टेनर ड्रम, बास ड्रम, झांज आणि पुन्हा टेनर, आणि पाचवीत चार साइड ड्रम. याशिवाय नऊ मुलं राखीव. एकूण तीस.

या तिसांत दहावीचं कुणी नको. दहावीचा मुलगा सराव संपता-संपता क्लासला पळतो, जानेवारीत सराव परीक्षेत अडकतो, आणि २६ जानेवारीला तुमचा मुख्य साइड ड्रम गैरहजर असतो. नववीचे दहा, आठवीचे अकरा आणि सातवीचे नऊ, असं ठेवलं तर दरवर्षी एक तृतीयांशच पथक बदलतं. राखीव म्हणजे सातवीची मुलं. त्यांचं काम बाकावर बसणं नव्हे. प्रत्येक राखीव मुलाला एका मोठ्या मुलाच्या शेजारी उभं करा, वर्षभर तोच भाग शिकू द्या. दहावीत गेलेल्यांना १५ ऑगस्टपर्यंत शिकवायला बोलवा, वाजवायला नको.

निवड दोन मिनिटांत होते. मुलाला चार पावलांच्या तालात चालायला सांगा आणि पहिल्या पावलावर टाळी द्यायला लावा. मग टाळी तिसऱ्यावर न्या. टाळी बदलली की ज्याचं पाऊल अडखळतं, त्याला सध्या ड्रम देऊ नका; तो बासरीला चालेल, तिथे वेळ मिळतो. बिगुलला दातांना तारा लावलेलं मूल घेऊ नका, मुखपट्टी (बिगुलचा ओठांना लावायचा भाग) दाबून ओठ आतून सोलवटतात. बास ड्रमला उंच आणि शांत मूल. उंच असून उतावळं असेल तर त्याला मेजर करण्याचा मोह होतो, तोही टाळा.

वाद्यं घेताना

साइड ड्रम १४ इंच व्यासाचा घ्या, पण खोली १२ इंचांऐवजी १० घ्या. आवाजात फरक थोडा पडतो, पण सातवीच्या मुलाच्या मांडीवर आपटणारा ड्रम आणि चालता येणारा ड्रम यातला फरक त्या दोन इंचांत आहे. बास ड्रम २८ इंचांचा रुबाबदार दिसतो. शाळेला २६ पुरतो, २४ही चालतो. बास वाजवणाऱ्याला ड्रमच्या वरून समोरचं दिसलं पाहिजे, हीच कसोटी.

पितळी वाद्यांचा जुना बाजार म्हणजे मेरठची जली कोठी. तिथे एकोणिसाव्या शतकापासून बँडची वाद्यं बनतात, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांतही त्या भागातला माल मिळतो. कुठूनही घ्या, शाळेच्या नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवाच, पण दरपत्रकात फक्त ‘बासरी, ८ नग’ असं लिहू नका. ‘एकाच पट्टीच्या, एकाच लॉटमधल्या’ हे शब्द हवेत. स्वस्तात दोन वेळा चार-चार बासऱ्या घेतल्या तर त्या बहुधा आयुष्यभर एकमेकींशी भांडतात.

बासऱ्या ताब्यात घेताना मोबाइलवरचा ट्यूनर उघडा. प्रत्येक बासरी आधी चार-पाच मिनिटं फुंकून गरम करा, मग एकच स्वर तपासा. थंड बासरी खाली बोलते. हवेचं तापमान एक अंश वाढलं की फुंकीच्या वाद्याचा स्वर साधारण ३ सेंट चढतो, आणि शंभर सेंटचा एक अर्धस्वर होतो. म्हणजे जानेवारीत सकाळी सातला २० अंशांत जुळवलेली बासरी दुपारी ३० अंशांत जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर वर गेलेली असते. सगळ्या बासऱ्या एकत्र चढतात म्हणून कानाला खटकत नाही. पण धातूच्या पट्ट्यांवर ठोकून वाजवायचा लायर तसा चढत नाही, त्यामुळे दुपारच्या कार्यक्रमात तो बेसूर वाटतो. पहिली दोन वर्षं लायर घेऊच नका.

बांबूची बासरी गोड, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये बंद कपाटात ती तडकते. शाळेसाठी धातूची किंवा चांगल्या प्लास्टिकची बरी.

ड्रम ताणणं, म्हणजे अर्धं पथक

पथकाचा आवाज ‘पातेल्यासारखा’ येतो त्यात मुलांचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा कुणीतरी एकाच बाजूचे बोल्ट आवळलेले असतात.

नवं प्लास्टिकचं पान (ड्रमच्या तोंडावर ताणतात तो पडदा) बसवताना सगळे बोल्ट आधी बोटांनीच टेकेपर्यंत फिरवा. मग पानाच्या मध्यावर तळहात ठेवून एकदा जोरात दाबा. कर्र आवाज येईल, घाबरू नका, पान कडेवर बसतं आहे. आता किल्ली घ्या. एक बोल्ट अर्धा फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा अर्धा फेरा, मग काटकोनातला, मग त्याच्या समोरचा. शेजारचा बोल्ट लागोपाठ कधीच नाही. तसं केलं की कडं तिरकं होतं, एका बाजूला ताण साचतो आणि पान मध्यावर नव्हे, कडेला फाटतं. कडेला फाटलेलं पान दिसलं तर काडीला दोष देण्याआधी किल्ली कुणाकडे होती ते विचारा. दोन फेऱ्या झाल्यावर प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काडीने हलका ठोका द्या. सगळीकडे एकच स्वर यायला हवा. जिथे खाली आला तिथे पाव फेरा. वरचं पान मधोमध बोटाने दाबल्यावर जेमतेम दबलं पाहिजे.

खालचं पान, जिथे तारा असतात, ते वरच्यापेक्षा खूप पातळ असतं. त्यावर काडी कधीच पडू नये. मुलं दमली की ड्रम उलटा करून त्यावर दप्तर ठेवतात, बहुतेक खालची पानं अशीच जातात. वाजवून झालं की तारांचा खटका सोडून ठेवा, नाहीतर बिगुलच्या प्रत्येक सुराला ड्रम स्वतःहून झणझणतो.

कातड्याचे जुने ड्रम असतील तर वेगळी काळजी. दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून १५ ऑगस्टच्या सकाळी सगळे ते करकचून आवळतात. कार्यक्रम होतो, ड्रम कपाटात जातो, दोन दिवसांनी ऊन पडतं आणि कातडं आवळलेल्या ताणातच सुकून तडकतं. वाजवून झालं की त्याच दिवशी सैल करून ठेवायचं, त्याला पर्याय नाही. आगीवर शेकणं ढोलताशा पथकांत चालत असेल, इथे नको.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात त्यानंतर. म्हणजे १५ ऑगस्टला हातात आठ-नऊ आठवडे. नव्या पथकाने या काळात धून बसवायचा अट्टहास करू नये. पहिल्या १५ ऑगस्टला फक्त ड्रमवर संचलन, आणि पहिली धून २६ जानेवारीला. मुख्याध्यापकांना हे जूनमध्येच सांगून ठेवा, ऑगस्टमध्ये नाही.

आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं. पहिले दोन आठवडे ड्रम कपाटातच. त्याऐवजी सरावाच्या पाट्या करा: फूटभर प्लायवूड, त्यावर पंक्चरच्या दुकानातल्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून मागून खिळे. आवाज कमी, काडी नीट उसळते, आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येत नाही. बंद वर्गात चार साइड ड्रम एकत्र वाजवणं कानांनाही वाईटच; पावसात सराव करायचा तर व्हरांड्यात करा.

काडी धरताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, बाकीची बोटं सैल. पहिला पाठ एकेरी: उजवा, डावा, उजवा, डावा. दुसरा दुहेरी: उजवा उजवा, डावा डावा. तिसरा पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. तिन्ही मेट्रोनोमच्या (ताल मोजून देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला ६० ठोक्यांवर सुरू करा आणि आठवड्याला चार-चारने चढवा. ज्या दिवशी एकाही मुलाची उसळी वाकडी होते, त्या दिवशी चारने उतरा.

पुण्या-नाशिकच्या शाळांत एक खास अडचण येते. ढोलताशा पथकात गेलेली मुलं तयारीची असतात, ताल पक्का असतो, पण ती खांद्यातून मारतात. तिथे तेच शोभतं. साइड ड्रमला मनगट लागतं. अशा मुलाच्या काखेत वही धरायला द्या आणि वाजवायला सांगा. वही पडली की खांदा हलला. तीन-चार दिवसांत फरक पडतो. त्यांना ‘चुकीचं वाजवतोस’ म्हणू नका, ‘हे वेगळं वाद्य आहे’ म्हणा. पथकातली लयीची खरी ताकद तीच मुलं असतात.

बासरीवाल्यांना पहिले दोन दिवस रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारायला लावा. बाटली वाजली की बासरी वाजते. नंतर आरसा: फुंकर ओठांच्या मधून येते की कोपऱ्यातून, ते मुलाला स्वतः दिसतं. दहा मिनिटांनंतर खाली बसवा. नव्या मुलांना गरगरतं, कारण ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा सोडतात. उपाशीपोटी सकाळी सातला आलेलं मूल तर हमखास.

बिगुलला पडदे नाहीत, ओठांच्या ताणावर पाचच स्वर मिळतात: सा, वरचा प, वरचा सा, त्यावरचा ग आणि त्यावरचा प. यावर धून वाजत नाही, हे पालकांनाही सांगावं लागतं. बिगुल सलामी, इशारा आणि धुनेतल्या ठसक्याच्या जागा देतो. वरचा स्वर मिळत नाही म्हणून मुलं मुखपट्टी ओठांत रुतवतात, मग ओठांवर गोल वळ उठतो आणि पाच मिनिटांत सगळा आवाज जातो. जेवढं वाजवलं तेवढीच विश्रांती, हा नियम.

राष्ट्रगीत: इथे चूक चालत नाही

पूर्ण राष्ट्रगीताला अंदाजे ५२ सेकंद लागतात. पहिल्या आणि शेवटच्या ओळींचं संक्षिप्त रूप साधारण २० सेकंदांचं. सराव करताना स्टॉपवॉच लावा. ६० सेकंद झाले तर कुठेतरी रेंगाळलात, ४५ झाले तर ड्रम पळाला. बहुतेक पथकं ‘जय हे’च्या तीन उच्चारांवर पळतात, कारण शेवट जवळ आला हे मुलांना कळतं.

बँडवर वाजवताना आधी ड्रमचा रोल (सलग घुमणारे जलद ठोके) द्यायचा असतो, म्हणजे लोक सावध होतात. संथ चालीच्या सात पावलांइतका तो लांब असतो: हळू सुरू होतो, चढत शक्य तेवढा मोठा होतो, पुन्हा उतरतो, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो. मग एका ठोक्याचा विराम, आणि मग राष्ट्रगीत. मुलं हमखास इथे दोन चुका करतात: रोल चढवतात पण उतरवत नाहीत, आणि विराम गिळतात. साइड ड्रमच्या एका मुलाला मोजणीचं काम द्या. तो मनात सात मोजेल आणि आठव्यावर काड्या उचलून धरेल. बासऱ्या त्याच्या काड्यांकडे बघून श्वास घेतील.

आता स्वर. राष्ट्रगीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नीपासून तार (वरच्या सप्तकातल्या) सापर्यंत जातं, आणि त्यात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम (म) आहेत. म्हणून बासरीवर सा कुठे ठेवता, यावर सगळं अवलंबून आहे. सहाही भोकं बंद हा सा धरला तर बोटांना सोपं वाटतं, पण ‘भाग्यविधाता’मधला मंद्र नी खाली उरतच नाही, मुलं तिथे वरचा नी वाजवतात आणि ओळ उडी मारल्यासारखी ऐकू येते. त्यामुळे वरची तीन बंद हा सा धरा. मग चार बंद म्हणजे मंद्र नी, दोन बंद रे, एक बंद ग. पहिलं भोक अर्धं बंद म्हणजे शुद्ध म, सगळी उघडी म्हणजे तीव्र म, आणि सगळी बंद करून जोराची फुंकर म्हणजे प.

‘अधिनायक जय हे’चा शेवट ‘रे ग म’ असा शुद्ध मध्यमावर येतो. तिथे अर्धं भोक हवं. ‘गुजरात मराठा’मध्ये मात्र ‘प मे ध प’ आहे, तीव्र मध्यम. सगळी बोटं उचलून लगेच पाच भोकं बंद करायची असतात, त्यात बासरी हातातून निसटल्यासारखी वाटते आणि मुलं घाबरून शुद्ध मच वाजवतात. उजव्या हाताच्या करंगळीचं टोक बासरीच्या अंगावर टेकवून ठेवायला शिकवा, बासरी स्थिर राहते. हे चार स्वर रोज दहा वेळा, वेगळे काढून. आणि शेवट, ‘सा सा रे रे ग ग रे ग म’, पुन्हा शुद्ध मध्यमावर थांबतो. सा न आल्यामुळे एखादं मूल आपणहून सा जोडतं. ते पहिल्याच आठवड्यात थांबवा.

२०२३ पासून महाराष्ट्राला राज्यगीत आहे, आणि झेंडावंदनाला राष्ट्रगीतानंतर तेही होतं. दोन्हींच्या मध्ये पथकाला वाद्यं खाली करू देऊ नका. पुन्हा ओठ जुळवण्यात वेळ जातो.

चालत वाजवणं

तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, आणि लष्करी पाऊल ३० इंचांचं. सातवीच्या मुलाला ३० इंच टाकायला लावलं तर तो उडतो आणि बासरी दातांवर आपटते. शाळेत २४ इंच पुरे, सुरुवातीला गती ११० ठेवा. मैदानावर फक्कीने दोन-दोन फुटांवर रेषा मारून दोन आठवडे त्यावर चालवा, आधी वाद्याशिवाय, मग वाद्य हातात पण न वाजवता, मग वाजवत. मधली पायरी सगळे गाळतात, म्हणून सगळ्यांची गाडी तिथे अडते.

थांबण्याचा इशारा हाताचा नको, बास ड्रमचा हवा: धुनेच्या शेवटच्या ओळीत दोन जवळजवळचे जोरदार ठोके. ते ऐकले की ओळ पूर्ण करून सगळे एकदम थांबतात. मेजरची काठी दिसो न दिसो, मास्तर मैदानात असोत नसोत, पथक थांबतं. हा इशारा सगळ्या धुनांना एकच ठेवा.

एका गोष्टीवरून दरवर्षी वर्गशिक्षक आणि बँडमास्तर यांचं वाजतं. संचलनात मागच्या तुकड्यांचं पाऊल चुकतं आणि मुलांना बोलणी बसतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बँड पुढे आणि शेवटची तुकडी ६० मीटर मागे असेल, तर तिला ठोका चांगला १७-१८ शतांश सेकंद उशिरा पोचतो. १२० च्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे ती तुकडी एक तृतीयांश पाऊल मागे दिसणारच. मुलं बरोबर असतात, बँडची जागा चुकीची असते. पथक संचलनाच्या पुढे नेण्याऐवजी मानवंदनेच्या मंचासमोर, मैदानाच्या मध्यावर उभं करा.

साफसफाई

बासरीतून वाजवल्यावर दर वेळी सळईला गुंडाळलेलं सुती फडकं फिरवा. बिगुल उलटा धरून पाणी झटका. मुखपट्ट्या आठवड्याला कोमट पाण्यात साबणाने. प्रत्येक मुलाची मुखपट्टी आणि बासरी वेगळी, नाव चिकटवलेली. सर्दीच्या दिवसांत एक बिगुल चार जणांत फिरला की चौघं आजारी. अडकलेली मुखपट्टी पक्कडीने पिळू नका, नळी पिळवटते. वाद्यदुरुस्तीवाल्याकडे ती ओढायचं साधन असतं. पॉलिशपूर्वी बघा: वर लॅकरचा थर असेल तर फक्त मऊ फडकं. ब्रासो किंवा भांड्यांची पावडर त्यावर घासली की थर जातो आणि चट्टे कायमचे.

वह्या

डेडस्टॉक रजिस्टर शाळेत असतंच, पण त्यात ‘साइड ड्रम ४’ एवढंच असतं. बँडची स्वतंत्र वही करा आणि प्रत्येक वाद्याला कोरून क्रमांक द्या. स्टिकर एका पावसाळ्यात निघतो. प्रत्येक क्रमांकाला एक पान: कधी घेतलं, कुठून, व्यास आणि पट्टी किती, कधी पान बदललं, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं. पाच वर्षांनी ‘ड्रम ३ ची खालची पानं सारखी का फाटतात’ याचं उत्तर त्या पानावर मिळतं: कडेला खाच असते.

धुनांची वही यापेक्षा मोलाची. बहुतेक बँडमास्तर कानाने शिकलेले असतात, लष्करात, पोलिसांच्या बँडमध्ये किंवा लग्नाच्या बँडमध्ये, आणि तोंडी शिकवतात. त्यात कमीपणा काही नाही, पण कागदाची ताकद गोव्याने दाखवून दिली आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) म्हणायला आणि स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं पुढे मुंबईपासून दूरदूरच्या लष्करी आणि संस्थानी बँडांत गेली, कारण समोर कागद ठेवला की ती वाजवू शकत.

शाळेच्या वहीत एका धुनेला समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडे सरगम, मात्रांच्या रकान्यांत, सा कुठे धरला ते वर लिहून. उजवीकडे ड्रमचे ठोके, उ आणि डा अशा अक्षरांत, सरगमच्या बरोबर त्याच मात्रेखाली. खाली तीन ओळी: गती, थांबण्याचा इशारा कुठे, मुलं कुठे चुकतात. तिसरी ओळ नवख्या मास्तरांचे सहा महिने वाचवते. ‘मराठा इथे शुद्ध म वाजवतात’ एवढंही पुरे. स्टाफ नोटेशन येत असेल तर तिसऱ्या पानावर तेही.

लिहिण्याचा कंटाळा असलेल्या मास्तरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असतील तर मोबाइल घेऊन बसा. एका धुनेची चार ध्वनिमुद्रणं: पूर्ण पथक, फक्त बासरी संथ, फक्त ड्रम संथ, आणि मास्तर स्वतः तोंडाने म्हणताना. चौथं सगळ्यात उपयोगी, कारण जोर कुठे द्यायचा ते त्यातच कळतं. व्हरांड्यात घुमतं, म्हणून पडदे असलेल्या किंवा दप्तरांनी भरलेल्या वर्गात. फाइलचं नाव धून, भाग, वर्ष असं. ‘रेकॉर्डिंग नवीन फायनल २’ असं नको. जुन्या वह्या ३०० डीपीआयवर स्कॅन करा. प्रत शाळेच्या संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक मास्तरांकडे.

मास्तरांनी स्वतः बसवलेल्या रचना असतील तर एक कागद करून घ्या. मानधनावर बाहेरून येणाऱ्या शिक्षकाच्या रचनेचा हक्क आपोआप शाळेचा होत नाही, आणि संगीतकृतीवरचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. ‘शाळेच्या पथकाने ही रचना वाजवावी, लिहून ठेवावी, पुढच्या शिक्षकांना द्यावी, रचनाकार म्हणून माझं नाव वहीत असावं’ एवढ्या चार ओळी आणि सही. निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर ही वही मुलांच्या हाती दिली तर आणखी छान, पण सही त्याआधी.

जुन्या-नव्यांची गाठ

नवे शिक्षक मेमध्ये नेमून जूनमध्ये सुरू करायचं, ही नेहमीची रीत पथकाला मारक आहे. जमल्यास नोव्हेंबर ते जानेवारी दोघांना एकत्र ठेवा. नोव्हेंबरमध्ये नवे नुसते बघतात आणि वही वाचतात. डिसेंबरमध्ये नवे शिकवतात, जुने मागे बसतात आणि मध्ये बोलत नाहीत. हे त्यांना अवघड जातं, पण गरजेचं. स्नेहसंमेलन दोघांचं. २६ जानेवारीला नवे मैदानात, जुने पाहुण्यांच्या खुर्चीत.

शेवटच्या आठवड्यात दोघांनी मिळून कपाट उघडा आणि वहीतल्या क्रमांकांप्रमाणे एकेक वाद्य वाजवून बघा. जे सापडलं नाही ते तिथल्या तिथे लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे जूनमध्ये कुणाकडे बोट जात नाही. ड्रमच्या किल्ल्या मोजा. त्या इवल्याशा असतात, मास्तरांच्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवलेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर घरी जातात. मग पुढच्या वर्षी बोल्ट पक्कडीने फिरवले जातात आणि त्यांचे चौकोनी माथे गोल होतात. एक किल्ली कपाटाच्या दाराला आतून दोरीने बांधून ठेवा.